सातभाई आणि कावळ्याचा निरोप

फार पूर्वी, ओढ्याकाठी बाभळी दाट होत्या तेव्हा, तिथे सातभाई पक्ष्यांचा थवा राही. सगळे खाली किडे टिपत, एकजण शेंड्यावर पहारा देई. साप दिसला की सारे एका सुरात ओरडून त्याला पळवत. ते दिवस आठवले की म्हातारा भुरकाआजा हळवा होई.

आता शिक्रा पिल्लं उचलून नेऊ लागला होता. कावळ्यांनी निरोप धाडला, "मिळून हाकलू."

"अंडी फोडणाऱ्यांशी सोयरीक?" थव्यातली ठिपकी कडाडली.

"मग शिक्र्यालाच ओवाळा, वहिनी!" तिचा दीर म्हणाला.

आजाला दोघांचंही पटत होतं, म्हणून तो कुणाचीच बाजू घेईना. भांडण इतकं पेटलं, की पहारेकरीही तावातावाने खाली उतरला.

तेवढ्यात शिक्रा झेपावला. लांबून कावळा ओरडला, म्हणून सगळे काट्यांत शिरले. ठिपकीचं पिल्लू थोडक्यात वाचलं.

शिक्रा निघून गेल्यावर आजा चाचरत म्हणाला, "पूर्वी आपला सूर एक असायचा, पण मत एक कधीच नव्हतं रे. कावळ्यांना हो म्हणा. मात्र अंड्यांपाशी ठिपकी बसेल."

"बसेन. पण कावळा जवळ आला तर टोचेन हं!"

"टोच की," आजा म्हणाला, "आणि हेही त्यांना आजच कळवा."