राख गार होईपर्यंत

अगं यामिनी, बस इथे आणि आधी ऐक. 'एका राज्यात असं झालं' म्हणून गोष्टी ऐकतो ना आपण, ते यंदा आपल्याच राज्यात झालं. तेही माझ्या घरी.

आमचा वल्लभ राजासाठी डोंगरातून अकीक काढून आणतो, तुला माहितीये. तिथली रीत अशी, की दगड काढला की त्या खळग्यात ओंजळभर पाणी ओतायचं. कारण तो डोंगर म्हणजे पूर्वी आगीचा रस. रस थिजला, आत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत पाणी झिरपत झिरपत एकेक रेघ मांडत बसलं. त्याचा झाला अकीक. म्हणून पाण्याचे आभार पाण्यानेच मानायचे. पण राजा भद्रसेनाने घाई लावली, वल्लभ पाण्याचा बुधला घरीच विसरला. झालं! डोंगर राखणाऱ्या जादूगाराने त्याचा दगड करून टाकला, आणि राजाच्या मुकुटातले सगळे अकीक राखाडी पडले.

मी धावत गेले. बघते तर उतारावर दगडच दगड, सगळे बटाट्यासारखे. तेवढ्यात एक साळुंकी म्हणाली, "भाऊ ओळख. भाऊ भाज. राख गार होईपर्यंत मडकं उघडू नकोस."

"भावाला भाजू?"

"मग दगडालाच राखी बांध."

वल्लभचा पुढचा दात तुटलाय ना, तसाच एका दगडाचा टवका उडालेला. उन्हात धरला तर टवक्यातून बारीक रेघा दिसल्या. हाच तो. मडक्यात राख भरली, त्यात त्याला ठेवलं, भोवती गोवऱ्या पेटवल्या. अकीकात लोखंडाचा अंश असतो, तो धगीने लाल होतो. पण गरम असताना वारा लागला, तर दगड तडकतो.

आणि मडक्यातून आवाज आला. "अक्के, उघड. भाजतोय गं."

मी विचारलं, तू वल्लभ कशावरून?

"आईचा झुमका विहिरीत पडला, तेव्हा कोण उतरलं होतं?"

तोच होता, यामिनी. दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं. मी रडत रडत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मग आवाज थांबला. ते तर आणखी वाईट.

शेवटी साळुंकीने राखेत पाय ठेवला. "गार," म्हणाली.

आत लालबुंद अकीक, पांढऱ्या रेघांचा. त्यावर ओंजळभर पाणी सोडलं, तर समोर वल्लभ, राखेने माखलेला. म्हणाला, "मीच ओरडत होतो गं. उघडलं नाहीस ते बरं केलंस."

मग आपल्याच घाईने हे झालं हे उमगून राजा स्वतः अनवाणी डोंगरावर आला, प्रत्येक खळग्यात पाणी ओतत गेला, तसतसा मुकुट लाल होत गेला. जादूगाराने मान डोलावली आणि तो धुक्यात निघून गेला. मी पाण्याला हात जोडले, साळुंकीला जोडले, उरलेल्या गोवऱ्यांनासुद्धा जोडले. वल्लभ हसत होता. हसू दे, आता त्याला सगळं माफ.

पण खरं सांग, आत तुझा भाऊ असता, आणि तो तोच आहे हे तुला कळलं असतं, तर तू काय केलं असतंस?