महाराजांचा विडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि शहाणे राजे तेव्हाही थोडेच होते.

अशाच एका राज्यात एक तरुण राजा गादीवर बसला. मनाने सोन्यासारखा, पण त्याची एक अडचण होती. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला खरं वाटायचं. सकाळी वादी बोलला की वादी बरोबर, दुपारी प्रतिवादी बोलला की तोही बरोबर. मग संध्याकाळी राजा डोकं धरून बसायचा. अशी माणसं नवरा म्हणून फार चांगली असतात, राजा म्हणून जरा अवघड.

राणीचं मात्र डोकं लख्ख होतं. आणि राजावर तिचा फार जीव होता. भर दरबारात त्याची फजिती होते हे तिला बघवेना. दरबारात बायकांनी बोलायची रीत नव्हती. राणीने चिकाच्या पडद्यामागे बसायचं, सगळं ऐकायचं, आणि महाराजांसाठी विडे लावायचे, एवढीच रीत होती.

तिने त्या विड्यातच युक्ती केली.

"हे बघा," एकदा ती राजाला म्हणाली, "विड्यात वेलदोडा लागला तर हो म्हणायचं. लवंग लागली तर नाही. गुलकंद लागला तर निकाल उद्यावर टाकायचा."

"आणि समोरचा खोटं बोलत असेल तर?"

"तर चुना जास्त घालीन. जीभ पोळली की समजा."

"म्हणजे लबाडी त्याने करायची आणि जीभ माझी पोळायची," राजा म्हणाला, आणि दोघं पोटभर हसली.

त्या दिवसापासून राजाचे निकाल चुकेनासे झाले. दोन्ही बाजू ऐकायच्या, पडद्यामागून दासीने तबक आणायचं, महाराजांनी विडा तोंडात टाकायचा, डोळे मिटून सावकाश चघळायचा आणि निकाल द्यायचा. लोकांना वाटलं, शहाणपण विड्यातच आहे. मग काय, प्रधान विडा खाऊ लागले, सरदार विडा खाऊ लागले, कारकून कामं सोडून विडा खाऊ लागले. दरबाराच्या भिंती लाल झाल्या, अक्कल मात्र कुणाची वाढली नाही. आपणही एखादीची पाककृती उतरवून आणतो आणि नेमका तिचा हात आणायचा विसरतो, तसंच ते.

सुरुवातीला राजा रोज रात्री म्हणायचा, "तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?" मग हे सणावारी म्हणायला लागला. मग विसरला. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण वर्षानुवर्षं लोक 'महाराजांसारखा न्याय नाही' म्हणत राहिले, तर महाराजांना तरी तसं का वाटू नये?

त्यांना एकच मुलगी. ती मोठी झाली, पडद्यामागे आईशेजारी बसू लागली, आणि तिला सगळं कळलं.

"आईसाहेब, एकदा तरी सांगा ना लोकांना," ती म्हणाली.

"अगं, घरातलं घरात बरं असतं. त्यांना चांगलं म्हटलं की मलाच म्हटल्यासारखं वाटतं मला."

"तुम्हाला वाटतं. पण लोकांना वाटतं का तसं?"

"फार बोलतेस," राणी म्हणाली, आणि पानाच्या शिरा काढत राहिली.

एक दिवस शेजारच्या मोठ्या राज्यातून वकील आला. सोबत शालू, दागिने, मिठाईची ताटं आणि मखमलीत गुंडाळलेली एक तलवार. तेव्हाची रीत अशी, की नवरदेवाला यायला जमलं नाही तर त्याची तलवार यायची. मुलीचं लग्न त्या तलवारीशी लावायचं आणि तिला पालखीत बसवून सासरी धाडायचं. खांड्याशी लग्न म्हणायचे त्याला.

"आमचे राजे लढाईवर गेलेत," वकील म्हणाला. "पण त्यांची एकच इच्छा आहे. सासरा करायचा तर आपल्यासारखा न्यायी राजा. आपल्या शहाणपणाच्या गोष्टी आमच्याकडे पोरं झोपताना ऐकतात, महाराज."

राजाला आतून गुदगुल्या झाल्या.

पडद्यामागे राणीचे हात थांबले. लढाईवर गेलेल्या माणसाची तलवार इथे काय करते? आणि एवढी ताटं आली, पण मुलाच्या आईने हळदकुंकू नाही धाडलं. सून करून घेणारी बाई शालू एक वेळ विसरेल, कुंकू विसरत नाही.

तिने लवंग घातली. मग बोटभर चुना लावला. मुलीने ते पाहिलं आणि आईचा पदर घट्ट धरला.

राजाने विडा तोंडात टाकला. लवंग दाताखाली आली. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं. समोर वकील हात जोडून उभा होता आणि सगळा दरबार बघत होता.

राजाने विडा गिळून टाकला आणि म्हणाला, "लग्न ठरलं."

त्या राज्यात जे कधी झालं नव्हतं ते तेव्हा झालं. राणी पडदा सारून बाहेर आली.

"हे लग्न होणार नाही," ती म्हणाली. "आधी नवरा दाखवा. तलवारीला जावई म्हणणार नाही मी."

म्हातारे प्रधान अदबीने पुढे झाले. "राणीसाहेब, आपलं दुःख कळतं. पण महाराजांचा निकाल आजवर कधी चुकलाय का?"

"नाही चुकला. कारण आजवरचे निकाल माझे होते."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, जशा आपण घरातल्या आजारी माणसाने भलतंच काही बोलल्यावर घालतो.

"हवं तर त्यांनाच विचारा," राणी म्हणाली, आणि राजाकडे वळली. "अहो, सांगा ना यांना."

राजाने तिच्याकडे पाहिलं, मग वकिलाकडे. एक शब्द पुरला असता. सगळ्या संसारात तिने मागितलेला तो पहिलाच शब्द होता.

"आईचं मन आहे," राजा मऊ आवाजात म्हणाला. "लेकीत जीव अडकलाय त्यांचा. त्यांना आत न्या."

तो इतक्या मायेने बोलला, की दोनचार म्हाताऱ्या सरदारांचे डोळे भरून आले.

लग्न झालं. पालखी गेली. सासरच्या वेशीत पालखी उतरली आणि तिथल्या बायकांनी मुलीचा हिरवा चुडा फोडला. नवरदेव लग्नाआधीच वारला होता. मागे मूल नव्हतं. त्याच्या चुलत्यांना गादी हातात ठेवायची होती. त्यासाठी मांडीवर दत्तक घ्यायला एक विधवा राणी हवी होती, आणि ती शहाण्या राजाची मुलगी असली म्हणजे कुणी बोट दाखवणार नव्हतं.

हे कानावर येताच राजा घोडा दामटत तिथे गेला. पण दार उघडलं नाही. "सून आहे आमची," चुलते तटावरून म्हणाले. फार विनवण्या केल्या तेव्हा मुलीला दिंडीदरवाजाच्या फटीतून बापाशी बोलू दिलं.

"आबासाहेब," तिने विचारलं, "विडा चघळताना तुम्हाला कळलं नव्हतं का?"

खोटं बोलायला आता तिथे दरबार नव्हता.

"कळलं होतं," तो म्हणाला.

फटीतून दिसणारं पांढरं लुगडं तेवढं बाजूला झालं. राजाने दुसऱ्या दिवशीही वाट पाहिली, पण ती परत दाराशी आली नाही.

राजा घरी आला आणि त्याने दरबार भरवला. गादीवर न बसता, उभा राहूनच बोलला. "आजवरचे सगळे चांगले निकाल राणीसाहेबांचे होते. माझा असा एकच होता, लेकीच्या लग्नाचा. आणि तेव्हा त्या खरं सांगत होत्या, मी गप्प बसलो."

मग प्रधानांनी डोळे पुसले.

"बघा," ते म्हणाले, "केवढं मन आहे. लेकीचं दुःख उरात ठेवून, बायकोला बोल लागू नये म्हणून सगळं श्रेय तिला देतायत. असा राजा होणे नाही."

आणि सगळ्या दरबाराने महाराजांचा जयजयकार केला.

राजा हात वर करून "नाही, नाही" म्हणत राहिला. तो जेवढा नाही म्हणे तेवढा जयजयकार वाढे. चिकाच्या पडद्यामागे राणी बसली होती, पण आता तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तो गजर संपायच्या आत ती उठली आणि आत निघून गेली. ती गेल्याचं कुणाला कळलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: प्रेमापोटी आपला आवाज दुसऱ्याला देऊ नये, कारण मग त्याने तो परत दिला तरी तो आपला आहे असं लोकांना वाटत नाही.