सुभानाचा पिंड

फार वर्षं झाली. आज गावात काठी टेकत चालणाऱ्यांचे बापसुद्धा तेव्हा रांगत होते. समुद्रापार, बसऱ्याच्या वाळवंटात साहेबाची तुर्काशी लढाई लागली होती. तुर्कानं आमच्या मोरखिंडीचं काय घोडं मारलं होतं, ते कुणी सांगितलं नाही. पण साहेबाला पोरं हवी होती आणि बळवंता पाटलाला साहेबाच्या हातचा जरीचा फेटा.

पाटलानं ठकूबाईचा एकुलता एक सुभाना भरतीला घातला. मिसरूडही न फुटलेलं पोर बसऱ्याला वाळूत पडलं. प्रेत आलं नाही. ठकूबाईला तार आली, पाटलाला फेटा आला.

गावानं दर्भाचा पुतळा करून जाळला. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला. असं म्हणतात, कावळ्यांनी झाडं काळी झाली होती. पण एकही खाली उतरेना. कावळा शिवत नाही, म्हणजे जीव अडकलेला. ठकूबाई पिंडाशी बसून राहिली. पोर परक्या वाळूत गेलं ते गेलंच, आता त्याला सुटकाही नाही?

भावकीनं हात जोडले. "सुभाना, तुझ्या आईला अंतर देणार न्हाई." कावळे गप्प. "तुझं रान पडीक ठेवणार न्हाई." तरी गप्प. ऊन डोक्यावर आलं.

पाटील वैतागला. "दर्भाचा कावळा करा, शिववा आन् उरका. उद्या आणखी पोरं घिऊन तालुक्याला जायचंय मला."

ठकूबाईनं मान वर केली. "पुतळा दर्भाचा, कावळा दर्भाचा. मग सायबाला पोरगंबी दर्भाचंच द्यायचं हुतं की, पाटील."

कुणी हसलं नाही.

"तुला पायजे तरी काय, म्हातारे?"

"मला न्हाई, त्याला पायजे. तुमी बोला."

पाटील बोलेना. असं म्हणतात, तेव्हा सगळे कावळे एकदम त्याच्याकडे वळले आणि त्याच्या फेट्यातून पिवळी वाळू गळू लागली. डोळ्यांत गेली, तोंडात गेली. त्यानं फेटा भिरकावला, तरी केसांतून गळतच राहिली. गुडघ्यापर्यंत वाळू चढली तेव्हा पाटील ओरडला, "ह्या गावचं पोर परक्याच्या लढाईला घालणार न्हाई!"

एक कावळा उतरला. पिंडाला चोच लागली, आणि तार आल्यापासून न रडलेल्या ठकूबाईनं टाहो फोडला.

मोरखिंडीत आजही सर्वपित्री अमावस्येला पहिला पिंड सुभानाचा असतो. गावचा जो कारभारी असेल, पूर्वी पाटील, आता सरपंच, त्यानं उघड्या डोक्यानं पाटलाचे शब्द मोठ्यानं म्हणायचे. तोवर गाव जेवत नाही. असं म्हणतात, एका सरपंचानं ते नुसते पुटपुटले, तेव्हा तो ते मोठ्यानं म्हणेपर्यंत, पार तिन्हीसांजेपर्यंत, गाव उपाशी बसलं. पण एकाही बाईनं चूल पेटवली नाही.