मानाचा जोंधळा

कुणाच्या आज्यापणज्यालाही आठवणार नाही, इतक्या मागची ही गोष्ट. उघड्या माळावर एक गाव होतं. पाऊस तिथे घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा आणि उभ्या उभ्याच परत जायचा. झाड तर औषधालाही नव्हतं. त्या गावात एक शेतकरी राहत होता. घरात बायको, ठकू नावाची एकुलती एक लेक आणि गावाबाहेर एक शेत.

शेत चालायचं बायकोच्या रीतीनं. एक साल जोंधळा, दुसऱ्या साली मटकी आणि तूर, तिसऱ्या साली हरभरा. शेण, राख, गोठ्यातलं गवत सगळं उकिरड्याच्या खड्ड्यात जायचं. वर्षभर कुजलं की ती ते पाटीनं शेतात नेऊन पसरायची. म्हणायची, "एकाच खांद्यावर रोज जू ठेवलं तर बैलाचा खांदा सोलतो. रानाचंही तसंच. पीक पालटावं."

एका पावसाळ्यात ती तापानं गेली.

त्या साली पाळी जोंधळ्याची होती. जोंधळा असा आला की माणूस आत शिरला तर दिसेना. गावची रीत होती, देवीच्या जत्रेत जोंधळ्याचं सर्वांत उंच धाट मानाच्या काठीला बांधायचं. ज्याचं धाट, त्यानं काठी धरून पुढं चालायचं आणि सगळ्या गावाला जेवू घालायचं. त्या वर्षी काठी शेतकऱ्याच्या हाती आली. लोक बाजूला सरून वाट देऊ लागले. त्याला वाटलं, आपल्या हातालाच गुण आहे.

पुढच्या पेरणीला ठकूनं मटकीचं बियाणं काढलं.

"आबा, औंदा पीक पालटायचं साल हाय."

"मटकीचा वेल काठीला बांधतीस का?" तो म्हणाला. "ठेव ते गाडग्यात."

पुन्हा जोंधळा पेरला. पुन्हा मान मिळाला. गावजेवणाला सरपण लागतं आणि माळावर लाकूड कुठलं? सगळं शेण थापून गोवऱ्या केल्या.

"आबा, खड्ड्यात काय टाकू?"

"बुजव तो खड्डा. मानकऱ्याच्या दारात घाण शोभत नाही."

उन्हाळ्यात म्हातारा धनगर आला. दरसाल त्याची मेंढरं चार रात्री शेतात बसायची आणि लेंड्यांचं खत पडायचं. त्याला बदल्यात धान्य मिळायचं.

"बसवू का मेंढरं, पाव्हणं?"

"दाणा गावजेवणाला पुरत नाही. तुला कुठला देऊ?"

धनगरानं वाकून ढेकूळ उचललं. हुंगलं. "वास गेलाय ह्याचा," एवढंच बोलला आणि मेंढरं हाकत निघून गेला.

ठकूचं लग्न झालं. मांडवात शेतकऱ्यानं पंचांपुढं शब्द दिला, "हे शेत लेकीला चोळीबांगडीला दिलं. तिच्यावर वेळ आली, तर तिनं यावं आणि पिकवून खावं."

पाचव्या साली जोंधळ्याच्या बुडाशी बारीक पांढरी फुलं उगवली. तो टारफुला. थकल्या रानात जोंधळ्याच्या मुळाला चिकटतो आणि त्याचं रक्त पितो. धाटं गुडघ्याएवढीच राहिली. काठी दुसऱ्याच्या घरी गेली. शेतकरी म्हणाला, दृष्ट लागली. पुढच्या साली त्यानं परत जोंधळाच पेरला. त्याच्या पुढच्या सालीही.

मग ठकूवर वेळ आली. नवरा विहीर खणताना दरडीखाली गेला. कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन ती माहेरी आली.

"आबा, माझं शेत द्या. मी राबते."

तिनं शेतातली मूठभर माती उचलली. ती राखेसारखी बोटांतून गळली. बापानं मान वळवली.

 ठकूनं बुजवलेला खड्डा उकरला. मिळेल ते शेण आणि पालापाचोळा आणून टाकला. मटकी पेरली. मटकी दोन पानांवर आली आणि पिवळी पडली.

धनगर बांधावर उभा राहिला. "रान मेलं नाही गं पोरी. पर तीन वर्सं मागतंय."

"तीन वर्सं लेकीला काय घालू, मामा?"

  नदीकाठच्या मुलखाकडं मजुरांचा तांडा चालला होता. ठकू पोरीला घेऊन त्यांच्याबरोबर निघाली. वेशीवर थांबून म्हणाली, "आबा, खड्डा तेवढा भरत राहा." राहा म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण घरात पीठ नव्हतं.

त्यानं खड्डा भरला. मटकी पेरली, पिवळी पडली तशी मातीतच गाडली. पुढं हुलगा पेरला, हरभरा पेरला. धनगरानं मेंढरं फुकट बसवली. "दाणा मागत न्हाई. तुझ्यापाशी हाय कुठं?" असंही म्हणाला. आता म्हाताऱ्या झालेल्या शेतकऱ्यानं ते ऐकून घेतलं.

चौथ्या साली जोंधळा भरून आला. पहिली रास होताच म्हाताऱ्यानं जोंधळ्याची पोतडी पाठीवर घेतली आणि नऊ दिवस चालत नदीकाठ गाठला.

तिथल्या मुकादमानं पोतडीकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं. "माळावरची ठकू? मागच्या साथीत गेली, बाबा. आधी पोर, मग ती. बोटांवर वर्सं मोजायची. म्हणायची, एकच राहिलं."

म्हाताऱ्यानं पोतडी तिथंच मजुरांच्या चुलीपाशी ठेवली आणि नऊ दिवस चालत परत आला.

त्यानंतर शेत दरसाल पिकलं. तो पीक पालटत राहिला, खड्डा भरत राहिला. रास व्हायची. खाणारं कुणी नव्हतं.

रानाचा घास रानाला वेळेवर द्यावा. उशिरा दिला तर रान वाट पाहतं, भूक वाट पाहत नाही.