शून्य व्होल्टची वायर

कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली पाय ठेवायला जागा सोडत नसे, त्या काळातली ही गोष्ट. एका टायपिंग क्लासातल्या अशाच डब्यात वीज पुरवणारी लोखंडी पेटी होती. तिच्यातून वायरींचा झुबका निघे. त्यातली एक पिवळी आणि एक काळी, अशा दोघी मिळून डब्यातला पंखा चालवत.

पिवळीला भारी तोरा. "माझ्यात बारा व्होल्ट आहेत. तुझ्यात किती गं?"

"शून्य," काळी म्हणाली.

"मग प्लगात जागा अडवून कशाला बसलीस?"

रोज तेच ऐकून काळी विटली. एक दिवस तिने प्लगातून अंग काढून घेतलं. पंखा थांबला, डबा तापला आणि ऐन परीक्षेत कॉम्प्युटर बंद पडला.

"अरे, मी आहे ना! फिर की!" पिवळी पंख्यावर ओरडत राहिली. पंखा ढिम्म.

दुरुस्तीला हर्षदाताई आल्या. त्यांनी डबा उघडला, वीज चालू केली आणि व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक पिवळीला लावलं. काटा हलला नाही.

"ही वायर मेली वाटतं," क्लासचे खंडागळे सर म्हणाले.

"थांबा हो सर. मोजायचं कुठून, ते अजून धरलंच नाही." ताईंनी लोंबणारी काळी शोधली आणि मीटरचं दुसरं टोक तिला टेकवलं. काटा टुणकन बारावर गेला.

मग त्यांनी काळीला प्लगात घट्ट बसवलं. पंखा गरगरू लागला.

आता पिवळीला कुणी व्होल्ट विचारले, तर ती म्हणते, "काळीला विचारा. माझे तिच्यापासून मोजतात."