पांगाऱ्याचा बिंडा

फार वर्षांपूर्वी एका मळ्याच्या विहिरीवर पांगाऱ्याचा बिंडा होता. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधतात, तो वाळका, हलका ओंडका. त्या उन्हाळ्यात तो येसूच्या पाठीवर होता. उन्हाळा सरूच नये, असं त्याला वाटे.

आधार कमी होऊन येसूने हात मारावेत म्हणून तिचे आजोबा दर आठवड्याला त्याला दोन बोटं तासत. तरी ती हात न मारता नुसती तरंगे.

विहिरीवरचा सागवानी खांब म्हणाला, "पांगाऱ्या, लेका, तुझ्यात खिळा टिकत नाही, वाळवी तुला सोडत नाही. तरंगणं तेवढं जमतं, तेच कर. तिला पोहता आलं की तू चुलीत."

"चुलीचं भय नाही. तिच्या पाठीशिवाय मला करमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी येसूने बेधडक उडी घेतली. आपण नसू त्या दिवशीही ही अशीच उडी घेईल आणि बुडेल, हे बिंड्याच्या ध्यानात आलं. त्याने अंगभर पाणी पिऊन घेतलं. येसू खाली जाऊ लागली, घाबरून हातपाय मारू लागली आणि काठाला लागली.

"आजोबा, हा मेला मलाच बुडवतोय! सोडा ह्याला."

आजोबांनी गाठ सोडली. येसूने पुन्हा उडी मारली आणि हात मारत पोहू लागली. पायरीवर निथळत पडलेला बिंडा तिच्या मोकळ्या पाठीकडे पाहत राहिला.