लोड बॅलन्सर ताटात घालून आण!

कनकनगरीची वेबसाइट बसली, आणि तीही राजकन्येच्या लग्नाच्या पंगतीचं बुकिंग सुरू झाल्या झाल्या!

रुद्रसेन महाराजांचंच फर्मान होतं की यंदा पत्रिका नाहीत. ज्याला जेवायला यायचंय त्यानं वेबसाइटवर आपलं पान राखून ठेवावं. जिलबी फुकट म्हटल्यावर प्रजा कशाला मागे राहतेय? सगळं राज्य एकाच वेळी मोबाइल घेऊन बसलं आणि एकाचंही पान राखलं गेलं नाही. व्याह्यांसमोर महाराजांचं नाक कापलं गेलं.

खरं तर व्यवस्था अगदी राजेशाही होती. आलेली गर्दी मागच्या सर्व्हरांवर सारखी वाटून द्यायला प्रधान धुंडिराजांनी परदेशातून एक लोखंडी पेटी आणवली होती. तिला म्हणायचं लोड बॅलन्सर. पंगतीच्या दारात उभा राहून एखादा शहाणा माणूस 'तुम्ही या रांगेत, तुम्ही त्या' करतो ना, तेच तिचं काम. पेटी ताकदीची होती, वेगवान होती, आणि महाग तर इतकी की तिच्यावर शंका घेणं म्हणजे राजद्रोहच. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. लग्नाचं निमित्त साधून प्रधानजींनी तिला शाल पांघरली, वर झेंडूचे भरघोस हार घातले. हवेची भोकं बुजली, पेटी तापली आणि बंद पडली.

आता यात दोष पेटीचा कसा असेल? प्रधानजींचा तर नाहीच नाही. तो निघाला सर्व्हरखोली सांभाळणाऱ्या भिकोबाचा. त्यानं म्हणे पेटीला मनापासून नमस्कार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुकिंग ठरलं. तेव्हाही वेबसाइट बसली, तर भिकोबानं बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर चालतं व्हावं, असा हुकूम सुटला.

भिकोबाची मुलगी ठकू तडक दरबारात गेली. तिनं सांगितलं की पेटीचंच काम सॉफ्टवेअरनंही होतं. अडगळीत पडलेल्या दोन जुन्या कॉम्प्युटरांवर ते चालेल. एक बंद पडला तर दुसरा काम उचलेल. गर्दी वाढली की आणखी एक कॉम्प्युटर जोडायचा. पेटीचं तसं नाही, दुसरी पेटी जहाजातून येईपर्यंत राजकन्येच्या बारशाचं बुकिंग सुरू व्हायची वेळ येईल, म्हणजे तिच्या लेकराच्या बारशाचं. आणि या सॉफ्टवेअरला किंमत? काही नाही, फुकट.

फुकट हा शब्द प्रधानजींना भलताच झोंबला. जे फुकट मिळतं आणि डोळ्यांना दिसत नाही, ते राज्याच्या इभ्रतीला शोभत नाही, असं त्यांनी महाराजांच्या कानात घातलं. महाराजही हट्टाला पेटले.

"उद्या दुपारी तुझा तो लोड बॅलन्सर भर दरबारात ताटात घालून आण. मला हात लावून बघायचाय! नाही आणलास, तर बुकिंग होवो न होवो, बापासकट चालती हो."

भिकोबानं घरी जाऊन रडत रडत भांडी बांधायला घेतली. ठकू म्हणाली, बाबा, तेवढं एक ताट बाहेर राहू द्या, मला लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुकिंग सुरू झालं आणि लोण्यासारखं चाललं. पेटी दरबारातच मांडलेली होती. इतकी महाग वस्तू कुणी मागच्या खोलीत ठेवतं का? तिचे हिरवे दिवे लुकलुकत होते. शाल मात्र या वेळी कुणी घातली नव्हती, आणि त्याविषयी कुणी बोलतही नव्हतं. प्रधानजी पेटीवरून हात फिरवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, पाहा, सगळं राज्य एकटी पेलतेय बिचारी. दुपारपर्यंत सगळी पानं राखून झाली. महाराजांनी पेटीला मोत्यांचा कंठा जाहीर केला.

तेवढ्यात ठकू आली. हातात रुमालानं झाकलेलं ताट. महाराजांनी रुमाल उचलला. ताटात होती एक निळी तार.

"हा तुझा लोड बॅलन्सर?"

"नाही महाराज, ही प्रधानजींच्या पेटीची तार. हिच्यातूनच लोक पेटीपर्यंत येतात. बुकिंगच्या आधीच मी ती काढून घेतली."

सगळा दरबार पेटीकडे वळला. पेटी बापडी अजून दिवे लुकलुकवत होती. प्रधानजींनी तिच्यावरचा हात हळूच काढून घेतला. मग सकाळपासून एवढी गर्दी वाटून कुणी दिली, असं महाराजांनी विचारलं. ठकू म्हणाली, अडगळीतल्या त्या दोन कॉम्प्युटरांवर मी रात्रीच बसवलेल्या सॉफ्टवेअरनं.

"मग त्याला ताटात घालून आण म्हटलं होतं ना? कुठाय तो?"

"तो कामात आहे, महाराज. दरबारात येऊन बसायला सवड फक्त बिनकामाच्यांनाच असते."

हे आपल्यालाही लागू पडतं, हे ध्यानात यायच्या आतच महाराजांना हसू फुटलं. मुकुट सावरत ते इतके हसले की प्रधानजींनाही नाइलाजानं हसावं लागलं. भिकोबावरचा हुकूम मागे घेतला गेला, सर्व्हरखोली ठकूच्या ताब्यात आली आणि मोत्यांचा कंठाही तिच्याच गळ्यात पडला. आणखी काय हवं, असं महाराजांनी विचारलं, तेव्हा तिनं पेटी मागितली. कैऱ्यांच्या बरणीवर ठेवायला घरात जड असं काहीच नव्हतं.

ती पेटी तिच्या घरापर्यंत प्रधानजींनी स्वतः डोक्यावरून नेऊन दिली.